पाच टेबलांची फकिरी

काल आमच्या ऑफिसात हॅलोविन पार पडलं. पार पडलं असंच म्हणायला हवं, कारण पुण्याच्या मुख्य ऑफिसातून मेल आला की आम्ही साजरं करत नाही, पार पाडतो. विमा कंपनीची नांदेडची शाखा, खिडक्यांना उन्हाचे काळे कागद चिकटवलेले, माणसं मोजकी. मेलमध्ये लिहिलं होतं की एकतीस तारखेला सगळ्यांनी भुताखेतांच्या वेषात यावं आणि संध्याकाळपर्यंत फोटो पाठवावेत. शाखेची व्यवस्था माझ्याकडे असते, म्हणून हेही माझ्याकडे आलं.

मी कोण काय होणार याची यादी केली, म्हणजे सगळेच एका छापाचे दिसायला नकोत. काउंटरवर बसणाऱ्यांनी चेहरा झाकायचा नाही, कारण ग्राहकाला माणूस दिसला पाहिजे. आणि तोंडाला रंग लावायचा नाही. यंदा गच्चीवरच्या टाकीत पाणी टँकरनं येतं, तेही आठवड्यातून दोनदा. रंग लावणं सोपं असतं, धुणार कशानं?

"मॅडम, रंग न लावता भूत कसं व्हायचं?" वसुलीचं काम बघणाऱ्या नागेशनं विचारलं.

"चादर घे."

"घरचे चादर देऊन नाही राहिले. म्हणतात, धुवायला पाणी कुठंय?"

"धुवायची नाही. मळकं भूत चालतं."

सकाळी मी दारात उभी राहून एकेकाला आत घेत होते. गंमत अशी की सगळे झाकून आले. नागेशची चादर गाडीच्या डिक्कीत घडी करून ठेवलेली. हिशेब बघणारे कदम काळा झगा घालून आले होते, पण वरून रेनकोट. पाऊस नसलेल्या वर्षात, ऑक्टोबरच्या उन्हात, बटणं गळ्यापर्यंत लावलेला रेनकोट. आत येऊन त्यांनी तो काढला तेव्हा घामानं निथळत होते. "गल्लीतले लोक काय म्हणतील," एवढंच म्हणाले आणि पंख्याखाली जाऊन उभे राहिले.

फक्त पूजा तशीच आली. काउंटरवरची मुलगी, मागच्याच वर्षी लागलेली. तरोडा नाक्यापासून स्कूटीवर, डोक्याला चेटकिणीची टोकदार टोपी, हनुवटीखाली ओढणीनं बांधलेली.

"पोलिसानं अडवलं मॅडम. लायसन बघितलं आणि म्हणाला, फोटोत तुम्हीच आहात का?"

"झाकून नाही का आलीस?"

"घालायचंच तर झाकायचं कशाला, मॅडम?"

ती सहज बोलली आणि कॉम्प्युटर सुरू करून बसली. माझ्या हातात टँकरवाल्याची पावती होती. ती फाइलला लावायची सोडून मी नुसतीच बसून राहिले. हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पण याच्याच जवळचं एक वाक्य मी लहानपणी ऐकलं होतं, आणि ते अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

मोहरमचा महिना दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. फिरत फिरत तो यंदा पुन्हा ऑक्टोबरात आला, जसा लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी आला होता. तेव्हाही पाऊस नव्हता. पोळ्याच्या आधीच आभाळ कोरडं पडलं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, नांदेडला एका सरकारी खात्यात कारकून होते. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती. त्यांची बदली झाली आणि आम्ही चौघं, अप्पा, माय, मी आणि धाकटा शिवा, लातुरात एका तेलघाण्यामागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. घरात दिवसभर करडईच्या पेंडीचा वास असायचा. अप्पांच्या ऑफिसला ताज्या रंगाचा आणि जुन्या पोत्यांचा. जागा एका आडत्याच्या गोदामाची होती. जुन्या जिल्ह्यातून फायली पोत्यांत भरून आल्या होत्या आणि टेबलं चार ठिकाणांहून गोळा केलेली, म्हणून एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नव्हती. दारावरची पाटी इतकी नवी की माशा तिला चिकटून बसायच्या.

अप्पांकडे टंचाईचं टेबल होतं. खेड्यांतून लोक टँकरसाठी अर्ज घेऊन यायचे. अर्ज त्यांच्या टेबलाचा नसला की अप्पा मान वर न करता म्हणायचे, "पुढच्या टेबलावर." आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, अंगात कोळशाच्या इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. कापडाला सुरकुती पडलेली त्यांना चालत नसे. कपड्यांवरून माणूस ओळखतात, असं ते मानत. मीही बरीचशी तशीच झाले आहे.

शिवाच्या हृदयाला छिद्र होतं. धावला की ओठ निळे पडायचे. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडा मोठा होऊ द्या, मग मुंबईला दाखवू. तोवर त्याला पळायला मनाई होती, म्हणून गल्लीतल्या सगळ्या खेळांत तो पंच असायचा. पायरीवर बसून निकाल द्यायचा, आणि मोठी मुलंसुद्धा तो मानायची. त्या पायरीवर त्याच्या बसण्याची एक जागा होती. तिथे दुसरं कुणी बसत नसे.

त्या उन्हाळ्यात, लातूरला यायच्या आधी, माय आम्हाला घेऊन मुखेडला माहेरी गेली होती. एका दुपारी शिवा अंगणातच निळा पडला. एसटी संध्याकाळी होती. मायनं त्याला उचललं आणि गल्लीच्या टोकाला जिथे मोहरमात सवाऱ्या, म्हणजे पीरांचे पंजे, बसतात, त्या चौथऱ्याकडे पळत गेली. तिच्या वडिलांच्या घरून तिथल्या दिव्याला तेल जात असे, वर्षानुवर्षं. चौथऱ्यावर शिवाला ठेवून ती म्हणाली, "लेकरू राहू दे. तीन साल ह्याचा बाप फकीर होईल." मी तिच्या मागे उभी होते. काही वेळानं शिवाला रंग आला आणि त्यानं पाणी मागितलं.

अप्पांना हे पुढच्या आठवड्यात कळलं.

"मला न विचारता?"

"इचारायला तुम्ही कुठं होता? लेकरू निळं पडलं होतं."

"नवस तुझा. तूच फेड."

"आमच्या गावात बाईला फकिरी देत न्हाईत. अन् बाप तुम्हीच हाव."

"मी सरकारी माणूस हाय. सोंग घेऊन हिंडू का?"

"हाव, मग सरकारला सांगा लेकरू सांभाळ म्हणून."

यावर अप्पा काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार असायचा. लहानपणी मला तो नकार वाटायचा.

मोहरम आला तेव्हा ते रविवारी मुखेडला गेले. सवारीची सेवा करणारे मौलाचाचा, मायच्या वडिलांचे दोस्त, त्यांनी अप्पांच्या गळ्यात हिरवा दोरा बांधला. अंगात हिरवी कफनी, डोक्याला हिरवा रुमाल, खांद्याला झोळी. दहाव्या दिवसापर्यंत दोरा काढायचा नाही, पायात काही घालायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही. आणि एक दिवस पाच दारं मागायची, मिळालेल्या धान्याचा मलिदा करून वाटायचा. अप्पा एसटीनं तसेच परत आले. लिंगाची डबी आणि हिरवा दोरा, दोन्ही गळ्यात.

पाच दारं कुठली, हा प्रश्न होता. लातुरात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. टंचाईमुळे रजा बंद होत्या. अप्पा सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. शेवटी त्यांनीच काढलं. म्हणाले, "ऑफिसातच मागतो. पाच टेबलं म्हणजे पाच दारं. मौलाचाचाला विचारून आलोय, चालंल म्हणले."

मायचा विश्वास बसला नाही. माझी शाळा सकाळची होती. दुपारी डबा घेऊन मला पाठवताना ती म्हणाली, "तिथंच थांब. पाची टेबलं झाली का बघ. दुसऱ्यावरनंच माघारी फिरंल तुझा बाप." डब्यासोबत तिनं एका फडक्यात मूठ-मूठ ज्वारीच्या पुड्याही बांधून दिल्या होत्या. ऑफिसात कुणाकडे धान्य असणार? त्यांना आधीच वाटून ठेव म्हणाली, म्हणजे देणाऱ्याला अडचण नको. दारात कुणी आला तर त्याची सोय आधी बघायची, ही मायची रीत होती, मग तो दाराशी आलेला तिचा नवरा का असेना.

मी पुड्या वाटल्या. काहींनी हसून घेतल्या. अप्पा टेबलाशी हिरव्या कफनीत बसून अर्ज नोंदवत होते. निलंग्याकडच्या एका गावाची चार माणसं आली, अप्पांना बघून थबकली आणि त्यातल्या म्हाताऱ्यानं वाकून हात जोडले.

"बाबा, पाणी येईल का आमच्या गावाला?"

"अर्ज आणलाय का?" अप्पांनी विचारलं.

ऑफिसात हशा पिकला. अप्पांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली आणि मग उठले. झोळी पुढे करून शेजारच्या टेबलासमोर उभे राहिले. तिथे सोनटक्केकाका बसायचे, ऑफिसात सगळ्यांची फिरकी घेणारे. त्यांनी मान वर केली नाही. फाइलीत बघत म्हणाले, "पुढच्या टेबलावर."

सगळे इतके हसले की पोत्यांच्या थप्पीवरच्या चिमण्या उडाल्या. काका नक्कल छान करायचे, आवाज अगदी अप्पांचा होता. अप्पांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ते माघारी फिरतील. पण ते खरंच पुढच्या टेबलावर गेले. तिथे ज्वारी मिळाली. मग तिसऱ्या, मग चौथ्या. काकांनीही शेवटी हाक मारली, "या हो फकीरसाहेब, माझ्या बदलीसाठी पण दुवा करा," आणि पुडी झोळीत टाकली.

पाचवं टेबल आतल्या खोलीतलं, साहेबांचं. आत जायची वेळ आलीच नाही. आवाज ऐकून साहेबच बाहेर आले. सगळे उभे राहिले.

"हे काय आहे?"

मीच पुढे होऊन म्हणाले, "माझ्या भावाचा नवस आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग अप्पांच्या अनवाणी पायांकडे. माझ्या हातात उरलेली पुडी होती, ती मी पुढे केली. त्यांनी ती घेतली, झोळीत रिकामी केली आणि हात झटकले. मग म्हणाले, "आज झालं ते झालं. उद्यापासून नेहमीच्या कपड्यांत या. हे ऑफिस आहे, लोक येतात इथे."

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. काउंटरवरच्यांनी चेहरा झाकायचा नाही, असा नियम मी परवाच केला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी कफनी घडी करून ठेवली. पांढरा शर्ट घातला, चपला घातल्या. दोरा काढायचा नव्हता, म्हणून तो शर्टाच्या आत घेतला आणि वरचं बटण लावलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात बटण लावलेलं बघून कुणालाही कळलं असतं, पण कुणी विचारलं नाही. माय दारात उभी राहून बघत होती. दहाव्या दिवसापर्यंत ते असेच गेले. घामानं दोऱ्याचा रंग सुटला आणि कॉलरला आतून हिरवा डाग पडला. शेवटच्या दिवशी दोरा नदीत सोडायचा असतो. नदीला पाणी नव्हतं. मायनं बादलीभर पाणी घेतलं, त्यात दोरा बुडवला आणि ते पाणी दारातल्या तुळशीला घातलं. एवढंच पाणी होतं. शर्ट धुवायचा राहिला.

शिवा पुढच्या उन्हाळ्यात गेला. सकाळी उठला नाही, इतकंच झालं. आमच्या रिवाजाप्रमाणे त्याला बसवून पुरलं, हातात लिंग देऊन. तो मांडी घालून बसलेला बघताना मला पायरीवरचा पंच आठवला. मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, पाऊस सुरू झाला होता तेव्हा, माय भांडी घासत होती आणि अप्पा कोळशाची इस्त्री फुंकत होते. तिनं मान वर न करता म्हटलं, "तुम्ही झाकून फिरलात."

आवाज चढवला नाही. रडलीही नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. अप्पांनी इस्त्री खाली ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले, शिवाच्या जागेच्या बाजूला. त्या जागेवर नाही.

हृदयाच्या छिद्राला शर्टाचं बटण कळत नाही, हे मला ठाऊक आहे. अप्पांनाही ठाऊक होतं. मायलाही असणार. पण ठाऊक असलेल्या गोष्टीनं ते वाक्य पुसलं गेलं नाही. त्या घरात पुढे सगळं नीट चाललं. जेवणं वेळेवर, शाळा वेळेवर, इस्त्रीचे शर्ट. फक्त ती दोघं एकमेकांकडे बघून बोलत नव्हती. "अप्पांना सांग", "मायला विचार", असं सगळं माझ्यातून जायचं. निरोप नीट लक्षात ठेवायची सवय मला तिथे लागली.

काल संध्याकाळी फोटो पाठवल्यावर पुण्याहून फोन आला. "मॅडम, फोटोत तुम्ही नेहमीच्याच साडीत दिसताय. काहीच घातलं नाही का?" फोटो काढायला कुणी तरी लागतं, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. कदम जाताना पुन्हा रेनकोट चढवत होते. त्यांना हसावंसं मला वाटलं नाही. चारचौघांत वेगळं दिसायला काय लागतं, हे ज्यानं एकदा बघितलंय त्याला रेनकोटवाल्याची कीव येते, आणि टोपीवालीचं थोडं भयही वाटतं.

तर दुसरा मोहरम. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. शेतांत ज्वारी उभी होती आणि अप्पांचं टंचाईचं टेबल मोकळं होतं. घरात नवसाचं नाव कुणी काढलं नाही. कफनी मायनं पेटीच्या तळाशी घातली होती. एका रविवारी अप्पांनी पेटी स्वतःच खाली काढली.

माय स्वयंपाकघराच्या दारात आली. कितीतरी महिन्यांनी ती थेट त्यांच्याशी बोलली.

"आता कुणासाठी?"

"तीन साल म्हणली होतीस."

ते मुखेडला जाऊन दोरा बांधून आले. पाच टेबलांच्या दिवशी मी डबा घेऊन गेले. या वेळी मला कुणी बघायला पाठवलं नव्हतं आणि मायनं पुड्या बांधून दिल्या नव्हत्या. अप्पा कफनीत, अनवाणी, आपल्या टेबलाशी बसलेले. ऑफिसात पंख्याचा तेवढा आवाज होता. अप्पा उठले आणि झोळी घेऊन सोनटक्केकाकांसमोर उभे राहिले.

काका खुर्चीवरून उठले. त्यांनी खण उघडला, कागदात बांधलेली ज्वारी काढली आणि दोन्ही हातांनी झोळीत घातली. ते घरून घेऊन आले होते. पुढच्या टेबलावरही पुडी तयार होती, त्याच्या पुढच्याही. ऑफिसात कुणी कुणाला सांगितलं होतं, मला माहीत नाही. साहेब आतल्या दारापर्यंत आले, त्यांनी बघितलं आणि सगळ्यांना उभं राहावं लागू नये म्हणून की काय, आत वळले. अप्पा आत गेले आणि बाहेर आले तेव्हा झोळी थोडी जड झाली होती. कपड्यांबद्दल या वेळी कुणी काही बोललं नाही.

मायनं रात्री त्या ज्वारीची भाकरी करून, गुळात कुस्करून मलिदा केला आणि गल्लीतल्या मुलांना वाटला. शिवानं ज्यांचे निकाल दिले होते, तीच मुलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघत होते. अप्पा आरशासमोर पांढरा शर्ट घालत होते, तोच, कॉलरला हिरवा डाग असलेला. बटण लावलं. मग वरचं एक बटण पुन्हा काढलं, आत बोटं घातली, दोरा बाहेर ओढला आणि कॉलरवर घेतला. इस्त्रीच्या शर्टावर तो कसा बसवायचा, हे त्यांना जमेना. एका बाजूला दुमडत होता.

माय पीठ मळत होती. ती परातीपासून उठली, पिठाच्या हातांनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोरा कॉलरवर चारी बाजूंनी सरळ केला. पांढरं पीठ हिरव्याला लागलं. तिनं ते झटकलं नाही.

"हाव," ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "दिसतोय आता."

अप्पा अनवाणीच पायऱ्या उतरले.